तळे आटवू नये : एका कर्मादानाचा आजचा अर्थ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पावापुरीच्या जलमंदिराचे दर्शन ज्यांनी घेतले आहे, त्यांना कमळांनी भरलेले ते विस्तीर्ण सरोवर आठवत असेल. भगवान महावीरांच्या अंत्यसंस्कारानंतर असंख्य भाविकांनी तेथील पवित्र रक्षा आणि माती चिमूट चिमूट उचलली, त्यातून खळगा पडला आणि तेथे सरोवर झाले, अशी श्रद्धा आहे. दक्षिणेकडे गोमटेश्वर बाहुबलींच्या पायथ्याशी गेले, तर त्या क्षेत्राच्या नावातच तळे आहे. श्रवणबेळगोळ या नावातील ‘बेळगोळ’ म्हणजे कन्नडमध्ये धवल सरोवर. अशा रीतीने उत्तरेतील निर्वाणभूमी आणि दक्षिणेतील तपोभूमी या दोहोंची खूण पाणी हीच आहे.

याच परंपरेने श्रावकाला तळ्याविषयी एक स्पष्ट आज्ञा दिलेली आहे. श्रावकाच्या बारा व्रतांतील सातवे व्रत भोगोपभोग परिमाणाचे. त्या व्रताच्या विवेचनात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. कर्मादाने म्हणजे ज्या व्यवसायांतून फार मोठी हिंसा घडते आणि तीव्र कर्मबंध होतो असे उद्योग. ती जाणून घ्यावीत, परंतु आचरू नयेत, असा दंडक आहे. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या कथेत ही यादी येते. त्या यादीतील चौदावे कर्मादान म्हणजे सर-द्रह-तडाग-शोषण, अर्थात सरोवर, डोह आणि तलाव आटविणे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात आणि तेराव्या शतकात पंडितप्रवर आशाधरांनी सागारधर्मामृतात याच निषेधाचा पुनरुच्चार केला. श्वेतांबर आणि दिगंबर अशा दोन्ही परंपरांनी तो जपलेला आहे.

प्रतिक्रमणात ही नावे उच्चारताना ‘इंगालकम्मे’ म्हणजे कोळसे पाडणे, ‘दंतवाणिज्य’ म्हणजे हस्तिदंताचा व्यापार, हे अर्थ चटकन ध्यानात येतात. तळे आटविणे हा मात्र जुन्या काळचा काही उद्योग असावा, असे समजून मन पुढे सरकते. प्रत्यक्षात या पंधरांपैकी आजच्या काळात सर्वाधिक वाढलेल्या उद्योगांत त्याची गणना करावी लागेल. रामसर कराराच्या वतीने २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अहवालानुसार १९७० ते २०१५ या पंचेचाळीस वर्षांत जगातील नैसर्गिक पाणथळ भूमीपैकी सुमारे ३५ टक्के भूमी नाहीशी झाली. पाणथळ भूमीचे पुनरुज्जीवन आणि तेथील मातीचे जैव-भू-रसायनशास्त्र हा आज जगभरच्या विद्यापीठांत संशोधनाचा विषय झाला आहे, त्याचे कारण हेच. तळे आटले की नेमके काय नष्ट होते आणि जे नष्ट झाले ते परत आणता येते का, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

चिखलाच्या पोटात

तळ्याकाठचा काळा, वास मारणारा चिखल पाहिला की सामान्य माणूस नाक मुरडतो. संशोधक मात्र त्याच चिखलासाठी गुडघाभर पाण्यात उतरतो. पोकळ नळी हळूहळू आत दाबून तो मातीचा उभा गाभा बाहेर काढतो. हाताच्या लांबीच्या त्या गाभ्यात शेकडो वर्षांचा इतिहास थरांनी रचलेला असतो.

हा इतिहास टिकतो तो पाण्यामुळे. लोणच्याच्या बरणीत वर तेलाचा थर असतो आणि त्यामुळे आतील फोडींना हवा लागत नाही. पाणथळ मातीवर पाण्याचा थर तेच काम करतो. हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. मातीतील सूक्ष्मजीव असलेला प्राणवायू लवकरच संपवितात. त्यानंतर जगण्यासाठी ते क्रमाने नायट्रेट, मँगेनीज, लोह आणि सल्फेट यांचा आधार घेतात. हे सारे सरले की अगदी शेवटी मिथेन निर्माण करणाऱ्या जीवांची पाळी येते. प्लॅटिनमची तार मातीत खोचून विद्युतदाब मोजला, तर या क्रमातील कोणती पायरी चालू आहे ते कळते. मोकळ्या हवेशीर मातीत हा आकडा ४०० मिलिव्होल्टच्या वर असतो. मिथेन तयार होऊ लागतो तेव्हा तो शून्याच्याही खाली उणे २०० च्या आसपास पोहोचलेला असतो.

या क्रमातील प्रत्येक पायरी माणसाच्या उपयोगाची आहे. नायट्रेट वापरणारे सूक्ष्मजीव शेतातून वाहून आलेल्या खताच्या अंशाचे निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करतात आणि पाणी शुद्ध होते. प्राणवायू नसल्याने पाने, मुळे, लव्हाळे पूर्ण कुजत नाहीत आणि त्यांच्यातील कर्ब मातीतच साठत जातो. थंड प्रदेशात या साठ्याला ‘पीट’ म्हणतात. तो वर्षाला सरासरी एक मिलिमीटर इतक्या संथ गतीने वाढतो. म्हणजे एक मीटर थर बनावयास सुमारे एक हजार वर्षे लागतात. पृथ्वीच्या जमिनीपैकी केवळ ३ टक्के भाग अशा पीटभूमीचा आहे, तरी तेथे साठलेला कर्ब जगातील सर्व अरण्यांच्या वृक्षराजीत असलेल्या कर्बापेक्षा अधिक आहे.

वेल्समधील बँगोर विद्यापीठाचे ख्रिस फ्रीमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये या साठ्याचे आणखी एक रहस्य उलगडून दाखविले. वनस्पतींतील फिनॉल वर्गाची द्रव्ये कुजण्याच्या क्रियेला अडवून धरतात. या द्रव्यांचे विघटन करणाऱ्या एका विकराला प्राणवायू लागतो. पाणी आहे तोवर तो विकर निष्क्रिय राहतो, फिनॉल टिकतात आणि सारा साठा जणू कुलूपबंद होतो. पाणी काढून घेतले की हवा आत शिरते, कुलूप उघडते आणि हजारो वर्षांची ठेव कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जाऊ लागते.

जमिनीतून वर आलेला खांब

कुलूप उघडले म्हणजे काय होते, हे इंग्लंडमध्ये एका खांबाने पावणेदोनशे वर्षे मोजून ठेवले आहे. केंब्रिजच्या वायव्येस, पीटरबरो या शहराजवळ व्हिटल्सी मियर नावाचे प्रचंड तळे होते. सखल इंग्लंडमधील ते सर्वांत मोठे तळे मानले जाई. उन्हाळ्यात तेथे नौकांच्या शर्यती होत, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर लोक घसरत खेळत. मासेमारी आणि बोरू-गवताची कापणी यांवर आसपासच्या कुटुंबांची उपजीविका चाले.

१८५१ मध्ये हे तळे आटविण्यात आले. त्याच वर्षी लंडनच्या भव्य औद्योगिक प्रदर्शनात ॲपोल्ड यांच्या नव्या पंपाने लोकांना थक्क केले होते. त्याच बनावटीचा वाफेवर चालणारा पंप येथे बसविला गेला. तळ कोरडा झाल्यावर रॅम्से येथील प्राचीन मठाचे चांदीचे धूपपात्र गाळात सापडले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तळ्याच्या जागी शेते झाली. हे काम करणारे जमीनदार विल्यम वेल्स कोणी दुष्ट गृहस्थ नव्हते. पडीक पाण्याखालून सुपीक जमीन बाहेर काढणे ही त्या काळी समाजसेवाच समजली जाई. जैन ग्रंथांच्या विवरणांतही धान्य पेरण्यासाठी तलाव कोरडा करण्याचा उल्लेख या कर्मादानाच्या संदर्भात येतो. तेव्हा हेतू धान्याचा असला, तरी शास्त्रकारांनी त्या कृत्यास सूट दिलेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जमीन खचणार याची वेल्स यांना कल्पना होती. म्हणून जवळच्या होम फेन येथे एक लोखंडी खांब खालच्या घट्ट थरापर्यंत रोवण्यात आला. त्याचा माथा जमिनीच्या पातळीशी अगदी समतल ठेवला होता. पहिल्या दहा वर्षांतच सुमारे दीड मीटर खांब उघडा पडला. आज तो जमिनीच्या वर सुमारे चार मीटर उभा दिसतो. खांब तसूभरही हललेला नाही. त्याच्याभोवतीची माती खाली गेली आहे. काही माती पाणी निघून गेल्याने दबली, काही वाऱ्याने उडाली आणि फार मोठा भाग सूक्ष्मजीवांनी अक्षरशः जाळून हवेत मिसळला. होम फेन आज समुद्रसपाटीच्या खाली सुमारे पावणेतीन मीटर असून ब्रिटनमधील सर्वांत सखल जागांत त्याची गणना होते. तेथे शेती चालू ठेवावयाची तर पंप अहोरात्र चालवावे लागतात. त्या पाणथळीत आढळणारे ‘लार्ज कॉपर’ नावाचे तांबूस फुलपाखरू १८५० च्या सुमारास इंग्लंडमधून कायमचे नाहीसे झाले.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण भागात असाच दुसरा खांब आहे. एव्हरग्लेड्स नावाच्या विशाल तृणजलप्रदेशाचा उत्तर भाग कालवे काढून कोरडा करण्यात आला आणि तेथे पुढे उसाची शेती वाढली. बेल ग्लेड येथील कृषी संशोधन केंद्रात १९२४ मध्ये नऊ फूट लांबीचा काँक्रीटचा खांब खालच्या चुनखडकापर्यंत रोवला गेला. त्याचाही माथा तेव्हा जमिनीशी समतल होता. आज त्यातील सहा फुटांहून अधिक भाग उघडा आहे. दोन खंडांत, दोन हवामानांत, वेगवेगळ्या शतकांत रोवलेले हे दोन खांब एकच साक्ष देतात.

पाणी परत येते, माती सावकाश

केलेल्या चुकीचे प्रायश्चित्त घेता येते, ही जैन धर्माची मोठी शिकवण आहे. आलोचना आणि प्रतिक्रमण यांचा पाया तोच. आटविलेली पाणथळ भूमी पुन्हा जिवंत करण्याचे प्रयत्न हेही एक प्रकारचे प्रायश्चित्तच होय. व्हिटल्सी मियरच्या परिसरात २००१ पासून ‘ग्रेट फेन’ नावाची योजना सुरू झाली आहे. स्वयंसेवी संस्था आणि शासकीय यंत्रणा मिळून उरलेले दोन संरक्षित तुकडे जोडून सुमारे ३,७०० हेक्टर क्षेत्र पुन्हा पाणथळ करीत आहेत. पाणी न काढता ओल्या जमिनीतच घेता येतील अशा पिकांचे प्रयोगही तेथे झाले आहेत.

परंतु चर बुजविले, पाणी आले आणि काम संपले, असे होत नाही. येथेच जैव-भू-रसायनशास्त्राची खरी गरज पडते. शेतीच्या काळात मातीत साठलेले फॉस्फरस लोहाच्या कणांना चिकटून राहिलेले असते. पाणी भरून प्राणवायू संपला की लोहाचे रूप बदलते, चिकटलेले फॉस्फरस सुटते आणि नव्या तळ्यात शेवाळ माजते. एव्हरग्लेड्समध्ये फॉस्फरसचा प्रश्न फार तीव्र झाला. तेथील मूळ वनस्पती अत्यल्प पोषणावर जगणाऱ्या आहेत. खतांचे पाणी येताच त्या मागे हटल्या आणि पाणकणसांनी मैलोन् मैल जागा व्यापली. त्यावर फ्लोरिडा राज्याने पाण्यात फॉस्फरसची मर्यादा एक अब्ज भागांत दहा भाग इतकी कडक ठेवली आणि पाणी गाळून पुढे सोडण्यासाठी पन्नास हजार एकरांहून अधिक क्षेत्रात कृत्रिम पाणथळी उभारल्या. या विषयाचा पाया घालणाऱ्या शास्त्रज्ञांत फ्लोरिडा विद्यापीठातील भारतीय वंशाचे प्राध्यापक के. रमेश रेड्डी यांचे नाव आदराने घेतले जाते. रोनाल्ड डिलॉन यांच्यासह त्यांनी २००८ मध्ये सिद्ध केलेला पाणथळ भूमीच्या जैव-भू-रसायनशास्त्रावरील ग्रंथ जगभरचे विद्यार्थी वापरतात.

दुसरी अडचण मिथेनची. जमीन पुन्हा बुडविली की कार्बन डायऑक्साइड थांबतो, परंतु मिथेन सुटू लागतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे सत्तावीस ते तीस पट उष्णता अडवितो. मग पाणी भरावे की भरू नये ? ख्रिस एव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ब्रिटन व आयर्लंडमधील मोजमापांच्या आधारे याचे उत्तर दिले. खोल निचरा केलेल्या पीटभूमीत पाण्याची पातळी दर १० सेंटिमीटर वर आणली, तर प्रत्येक हेक्टरमागे वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन कमी होते. जमीन सतत खोल पाण्याखाली ठेवण्यापेक्षा पाणी पृष्ठभागाच्या किंचित खाली राखणे सर्वांत हितकारक ठरते. याचा अर्थ पाण्याचीही मर्यादा सांभाळावी लागते. परिमाण हा शब्द श्रावकाला नवा नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. डेव्हिड मोरेनो-मातेओस आणि सहकारी यांनी २०१२ मध्ये जगभरातील ६२१ पाणथळ जागांची माहिती एकत्र करून तुलना केली. पाणी बहुतेक ठिकाणी लवकर परत आले होते. पक्षी आणि प्राणीही बऱ्याच प्रमाणात आले. परंतु पुनरुज्जीवनाला एक शतक लोटल्यानंतरही अशा जागांची जैविक रचना मूळ पाणथळींच्या तुलनेत सरासरी २६ टक्क्यांनी आणि जैव-भू-रासायनिक कार्य २३ टक्क्यांनी उणे होते. मातीतील कर्बाचा साठा हे त्यातील मुख्य उणेपण होते. पंपाने एका हंगामात आटलेले तळे शंभर वर्षांतही पूर्ण भरून येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. त्याच अभ्यासात एक दिलाशाची बाबही आढळली. शंभर हेक्टरांहून मोठी क्षेत्रे आणि उष्ण हवामानातील जागा तुलनेने लवकर सावरतात.

दिलाशाची आणखी एक कथा इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील आहे. शेत मोठे करण्यासाठी तेथील अनेक लहान तळी मातीने बुजविली गेली होती. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी अशी तीन तळी पुन्हा खोदली. त्यांतील एक तर सुमारे दीडशे वर्षांपूर्वी बुजलेले होते. जुन्या गाळापर्यंत पोहोचून पावसाचे पाणी साठू दिले, तेव्हा आठ जातींच्या पाणवनस्पती त्या गाळातील बीजांपासून रुजल्या. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वरून नांगरटीचे शेत दिसत होते आणि खाली तळे जीव धरून होते.

जैन कुटुंबांत पाणी गाळल्यानंतर गाळण्यातील जीव म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत हळुवारपणे परत सोडण्याची रीत होती. प्रत्येक जीवाचे आपले ठिकाण असते आणि तो तेथेच जगतो, हा विवेक त्यामागे होता. पुनरुज्जीवनाचे शास्त्र अनुभवाअंती त्याच विवेकाशी येऊन थांबले आहे. बाहेरची शोभिवंत रोपे आणून लावण्यापेक्षा त्या जागेचा गाळ, त्या जागेचे बीज आणि त्या जागेचा पाण्याचा ताल परत मिळवून देणे अधिक महत्त्वाचे असते. विज्ञानाने धर्म सिद्ध केला, असे म्हणणे दोहोंवरही अन्यायाचे होईल. शास्त्रकारांनी जीवदयेच्या दृष्टीने निषेध सांगितला, शास्त्रज्ञांनी मोजमापाने परिणाम दाखविला. दोघांची वाट वेगळी असली, तरी दोघेही त्याच काठावर उभे आहेत.

आपल्या मातीतील उदाहरणे

भारतात याविषयीचे मोठे उदाहरण ओडिशातील चिल्का सरोवराचे. १९८१ मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र म्हणून रामसर यादीत आले. पुढे समुद्राकडे जाणारा मार्ग गाळाने आकसला, पाण्यातील खारेपणा घटला, तणे माजली आणि मासळी कमी झाली. १९९३ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त स्थळांच्या यादीत झाली. सविस्तर अभ्यासानंतर २३ सप्टेंबर २००० रोजी समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले. भरती-ओहोटीचा श्वास पुन्हा सुरू झाला, खारेपणा सावरला, मासळी परतली. २००२ मध्ये चिल्काचे नाव संकटग्रस्त यादीतून वगळले गेले आणि त्याच वर्षी चिल्का विकास प्राधिकरणाला रामसरचा संवर्धन पुरस्कार मिळाला. तेथे प्रत्येक झाड लावावे लागले नाही. अडलेला प्रवाह मोकळा केला आणि बाकीचे काम सरोवराने स्वतः केले.

महाराष्ट्रात निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर हे राज्यातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजी अमदानीत बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साठत गेला आणि त्या गाळावर पक्ष्यांचे वैभव उभे राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार सरोवर आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी यांची यादीत भर पडली. ही नावे मोठी आहेत. गावोगावची लहान तळी, डोह, खाजणे आणि पाझर तलाव यांची नावे मात्र कोणत्याही जागतिक यादीत येत नाहीत. ती बुजतात तेव्हा बातमीही होत नाही.

येथे एक भेद समजून घेणे आवश्यक आहे. दख्खनच्या पठारावरील अनेक तळी उन्हाळ्यात आपोआप आटतात आणि मृगाच्या पावसात भरतात. हे शोषण नव्हे. त्या तळ्यांचा तो नैसर्गिक ताल आहे. भेगाळलेल्या तळात बीजे वाट पाहत असतात. शोषण घडते ते येणारे ओढे वळविल्याने, काठ काँक्रीटने बांधल्याने, राडारोडा टाकून सपाट भूखंड केल्याने. तळ्यातील गाळ काढून शेतात घालणे हीदेखील चांगली प्रथा आहे. परंतु तळ अगदी खडकापर्यंत खरवडला आणि काठचे लव्हाळे उपटून टाकले, तर पाणी साठेल, तळे मात्र उरणार नाही.

संशोधकाची दोन वर्षे आणि संस्थेची पन्नास वर्षे

समाजातील अनेक मुले-मुली आज देशात आणि परदेशात उच्च संशोधन करीत आहेत. पीएच.डी. झाल्यानंतरही ही मुले शिकतच का राहतात, असा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतात. पीएच.डी.नंतरच्या या टप्प्याला ‘पोस्ट-डॉक्टरल’ संशोधन म्हणतात. अनुभवी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत बहुधा दोन-तीन वर्षांच्या मुदतीवर मिळणारे हे काम असते. त्यात कायमची नोकरी नसते, मानधन बेताचे असते, घरापासून दूर राहावे लागते. चिखलात वाकून गाभे काढणे, हवाबंद पेटी जमिनीवर ठेवून निघणारा वायू पिचकारीत भरणे, छिद्रांच्या नळीतून भूजलाची पातळी पाहणे आणि रात्री आकडे मांडणे असा त्यांचा दिनक्रम असतो. या कष्टांना ‘चिखलात खेळणे’ म्हणून हसण्याचे कारण नाही. तळ्याकाठी घेतलेल्या या नोंदींवरच उद्याचे कायदे आणि योजना उभ्या राहतात.

परंतु या व्यवस्थेत एक मूलभूत विसंगती आहे. संशोधकाला दोन-तीन वर्षे मिळतात आणि मातीला शंभर वर्षे लागतात. पाठ्यवृत्ती संपली की संशोधक दुसऱ्या गावी जातो, उपकरणे परत जातात आणि नोंदी थांबतात. होम फेनच्या खांबाचे मोल यासाठीच आहे. तो रोवणारे केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले, तरी पिढ्यान् पिढ्या कोणी ना कोणी त्याची उंची टिपत राहिले. म्हणून आज जगाला त्या मातीचा हिशेब ठाऊक आहे.

माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब पल्ल्याचे काम संस्थाच करू शकतात. पन्नास वर्षे अखंड चाललेला ट्रस्ट ही अशीच एक संस्था. ज्या संस्थेत अर्धशतकापूर्वीची खतावणी, देणगीदारांच्या पावत्या आणि सभावृत्तांत जपून ठेवलेले असतात, तिला तळ्याची वही ठेवणे मुळीच अवघड नाही. त्यासाठी फार मोठ्या निधीचीही आवश्यकता नाही. परिसरातील एखादे तळे निवडावे. ग्रामपंचायत वा संबंधित विभागाची संमती घेऊन तेथे पातळी दाखविणारी एक खूणपट्टी उभारावी. दर पंधरवड्याला पाण्याची पातळी, पावसाची तारीख, दिसलेले पक्षी, उगवलेल्या वनस्पती यांची नोंद पाठशाळेतील मुलांनी करावी.

मातीतील कुजण्याचा वेग मोजण्याची एक सोपी, जगन्मान्य पद्धत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. ठरावीक चहाच्या पुड्या वजन करून मातीत पुरावयाच्या, सुमारे तीन महिन्यांनी काढून वाळवावयाच्या आणि पुन्हा वजन करावयाचे. ग्रीन टी आणि रुईबॉस या दोन प्रकारांच्या पुड्यांतील घट पाहून माती किती वेगाने कर्ब गमावते वा राखते, याचा अंदाज येतो. शाळकरी मुलेही हा प्रयोग करू शकतात. माती उकरताना पृथ्वीकाय जीवांची विराधना होते, याचे भान ठेवून खड्डा लहान, एकच आणि पुन्हा बुजविलेला असावा. जवळच्या महाविद्यालयातील प्राध्यापकांचे मार्गदर्शन घेतले, तर या नोंदींना शास्त्रीय शिस्त लाभेल. संशोधक येतील आणि जातील, वही मात्र तेथेच राहील.

याहून अवघड काम स्वतःच्या व्यवहाराकडे पाहण्याचे आहे. समाजातील अनेक कुटुंबे शेती, जमिनीचे व्यवहार, बांधकाम आणि कारखानदारी यांत आहेत. भूखंड घेताना सातबारा पाहिला जातो, रस्ता पाहिला जातो, दिशा पाहिली जाते. त्या भूखंडाखाली पूर्वी तळे होते का, ओढ्याचे पात्र होते का, हे जुन्या गाव नकाशावर पाहण्याची सवय मात्र अद्याप लागलेली नाही. पाणथळ भूमीच्या संरक्षणासाठी केंद्र शासनाचे २०१७ चे नियम आहेत. अधिसूचित पाणथळ क्षेत्रात भराव घालण्यास व अतिक्रमणास ते मनाई करतात. तथापि नियमांच्या कक्षेत न येणारे लहानसे तळेही श्रावकाच्या व्रताच्या कक्षेत येते. कायदा जेथे संपतो, तेथून पुढे व्रताचे क्षेत्र सुरू होते. एका सौद्याचा लाभ सोडणे सोपे नाही, हे कोणीही मान्य करील. म्हणूनच शास्त्रकारांनी त्याला व्रत म्हटले आहे.

संध्याकाळच्या प्रतिक्रमणात कर्मादानांची नावे उच्चारताना यापुढे चौदाव्या नावापाशी मन क्षणभर थांबावे. गावाबाहेरचे एखादे तळे, त्याच्या काठचा काळा चिखल आणि त्या चिखलातील डोळ्यांना न दिसणारी असंख्य जीवसृष्टी नजरेसमोर यावी. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टने एका तळ्याची वही उघडली आणि शताब्दीच्या वर्षी तिचे पन्नासावे पान वाचले गेले, तर आजच्या सोहळ्याचे सार्थक होईल. कोणत्याही विधानात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र !